कर्नलने बांधून दिलेली शिदोरी

शनिवारी संध्याकाळी लॅबला कुलूप लागतं आणि सोमवारी सकाळी प्रोजेक्टचा रिव्ह्यू असतो. या दोन वेळांच्या मध्ये जेवढं शिकायला मिळतं तेवढं अख्ख्या सेमिस्टरमध्ये मिळत नाही. ऑक्झिलरी व्हेक्टर या प्रकाराशी माझी ओळख अशाच एका शनिवारी रात्री झाली. सिलॅबसमध्ये तो कुठेच नाही. ओरलला विचारतील अशीही भीती नाही. पण त्या रात्री त्याने आमचा प्रोजेक्ट वाचवला आणि माझ्या पार्टनरशी माझं होऊ घातलेलं भांडणही मिटवलं, म्हणून हा लेख.

(आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

आमचा प्रोजेक्ट साधा होता. वर्कशॉपमधल्या लेथवर कंपनं मोजणारा सेन्सर लावायचा, त्याच्या नोंदी एका फाइलमध्ये साठवायच्या आणि नंतर त्यावरून बेअरिंगची तब्येत सांगायची. फाइल मोठी व्हायची म्हणून आम्ही ती ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये लिहीत होतो आणि वाचताना एमएमॅप वापरून एकेक ब्लॉक मेमरीत आणत होतो. एमएमॅपचं फंक्शन माझं, ब्लॉक उलगडून त्यातले आकडे काढायचं काम पार्टनरचं. सगळं रास्पबेरी पाय ४ वर दोन महिने बिनबोभाट चाललं होतं.

शनिवारी दुपारी डिपार्टमेंटला नवा पाय ५ मिळाला. पार्टनर उत्साही माणूस. त्याने जुन्या बोर्डातलं कार्ड काढून नव्या बोर्डात घातलं. कार्ड तेच, ओएस तीच, प्रोग्राम तोच, फाइलसुद्धा तीच. पहिला ब्लॉक नीट वाचला गेला आणि दुसऱ्यावर सेगमेंटेशन फॉल्ट! पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच. जुना बोर्ड तोवर दुसऱ्या ग्रुपने पळवला होता. लॅबमधले काका किल्ल्या वाजवत उभे होते. सुदैवाने कोअर फाइल बनवायची मर्यादा त्याने आधीच उठवून ठेवली होती, म्हणून कोअर फाइल आणि प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून तो होस्टेलला आला. बोर्ड लॅबमध्येच कुलूपबंद.

माझ्या लॅपटॉपवर इंटेलचा प्रोसेसर, कोअर एआरएमची. त्यासाठी जीडीबी-मल्टिआर्क नावाचं पॅकेज मिळतं, ते वेगवेगळ्या प्रोसेसरच्या कोअर उघडतं. उघडली. मी आधी सिग्नलची माहिती छापली. प्रोग्राम मेला तेव्हा तो कुठला पत्ता वाचत होता? उत्तर आलं, ३.

"नल पॉइंटर आहे लेका! शून्याच्या शेजारचा पत्ता म्हणजे दुसरं काय असणार? तुझ्या कोडमध्ये चेक नाहीये," मी म्हणालो.

"चेक आहे. बघ, ही ओळ," तो म्हणाला.

ओळ होती. पॉइंटर नल असेल तर परत फिर, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तरीही मी पुढचे दोन तास त्याच्याच कोडमध्ये खोट शोधत बसलो. रात्रीचं मेसचं जेवण हुकलं. शेवटी वैतागून त्याने स्वतः कीबोर्ड घेतला आणि ब्लॉकचा पॉइंटरच छापला. हेक्समध्ये सोळाच्या सोळा एफ. म्हणजे उणे एक. ब्लॉकच्या हेडरमध्ये नोंदींची संख्या चौथ्या बाइटपासून सुरू होते, आणि उणे एकमध्ये चार मिळवले की होतात तीन. एमएमॅप फसला की तो नल देत नाही, उणे एक देतो. मॅन पेजवर स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ते तपासायचं काम माझ्या फंक्शनचं होतं. पार्टनरचा नल-चेक निर्दोष होता, पण उणे एक त्याच्यासमोरून आरामात निघून गेला.

मी माफी मागितली, पण निम्मीच. कारण एमएमॅप फसला का, हा प्रश्न अजून उभाच होता. फाइल तीच, प्रोग्राम तोच, मग बदललं काय? बोर्डाला विचारायची सोय नव्हती. आणि इथे मला आमच्या एका सीनियर दादाचं वाक्य आठवलं. तो म्हणायचा, कोअर फाइल म्हणजे नुसतं मेलेल्याचं शरीर नाही, त्याच्या खिशात निघतानाची चिठ्ठी पण असते. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता मी जीडीबीत टाइप केलं: इन्फो ऑक्सव्ही.

वीसेक ओळींचा एक तक्ता आला. चार रकाने: क्रमांक, नाव, इंग्रजीत छोटं वर्णन आणि किंमत. क्रमांक ६, नाव एटी_पेजएसझेड, वर्णन सिस्टिमचा पेज साइझ, किंमत १६३८४.

माझ्या कोडच्या पहिल्याच पानावर मी पेजचा आकार म्हणून ४०९६ हा आकडा डिफाइन करून ठेवला होता. एमएमॅपची अट अशी की फाइलमधला ऑफसेट पेजच्या आकाराच्या पटीत हवा. पहिल्या ब्लॉकचा ऑफसेट शून्य, तो कुठल्याही पटीत बसतो. दुसऱ्याचा ४०९६, तो १६३८४ च्या पटीत नाही, म्हणून कर्नलने नकार दिला. पाय ४ वर पेज ४०९६ चंच होतं, तिथे माझा आकडा योगायोगाने बरोबर ठरत होता. रास्पबेरी पायच्या ६४ बिटी ओएसच्या कार्डावर मुळात दोन कर्नल ठेवलेले असतात. बोर्ड ओळखून त्यातला एक उचलला जातो, आणि पाय ५ साठीचा कर्नल १६ केबीची पेजेस वापरतो. कार्ड तेच होतं, पण आत जागा झालेला कर्नल वेगळा होता.

आता हा तक्ता येतो कुठून ते बघू. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

आपण शेलमध्ये प्रोग्रामचं नाव टाइप करतो तेव्हा एक्झेक-व्हीई हा सिस्टिम कॉल होतो. कर्नल फाइल उघडतो, तिचे भाग मेमरीत बसवतो, डायनॅमिक लिंकर हवा असेल तर तोही आणून ठेवतो आणि मग नव्या प्रोसेससाठी स्टॅक तयार करतो. या स्टॅकवर आर्गसी, आर्गव्ही आणि एन्व्हायर्नमेंट ठेवतात हे आपल्याला सी शिकवताना सांगतात. त्याच्या पुढे आणखी एक गोष्ट ठेवतात, ती मात्र सांगत नाहीत. ती गोष्ट म्हणजे जोड्यांची एक माळ. प्रत्येक जोडीत पहिला आकडा प्रकार सांगतो, दुसरा किंमत. शून्य प्रकाराची जोडी आली की माळ संपली. हाच ऑक्झिलरी व्हेक्टर. ही पद्धत युनिक्स सिस्टिम व्ही रिलीज ४ पासून चालत आलेली आहे.

गरज का पडली? प्रवासाला निघालेल्या माणसाला आई शिदोरी बांधून देते, कारण वाटेत पहिल्या गावापर्यंत काहीच मिळणार नसतं. प्रोसेसचंही तसंच आहे. सगळ्यात आधी चालतो तो डायनॅमिक लिंकर. त्याला लायब्ऱ्या जोडायच्या असतात, पण तो चालत असताना एकही लायब्ररी जोडलेली नसते, त्यामुळे प्रिंटएफसुद्धा नाही. मुख्य प्रोग्राम मेमरीत कुठे आहे, त्याचे हेडर किती, पेज केवढं, काम झाल्यावर उडी कुठे मारायची, हे सगळं त्याला कुणीतरी सांगायला हवं. कर्नलने आत्ताच ते सगळं स्वतःच्या हाताने मांडलेलं असतं. मग पुन्हा दहा वेळा विचारायला लावण्यापेक्षा एकदाच लिहून स्टॅकवर ठेवलेलं बरं.

ही माळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असेल तर एखादा साधा प्रोग्राम जीडीबीत घ्या आणि रन न म्हणता स्टार्टआय म्हणा. ही आज्ञा जीडीबी ८.१ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. तिच्यामुळे प्रोसेस अगदी पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबते. मेन तर अजून फार लांब असतो, तुम्ही उभे असता ते डायनॅमिक लिंकरच्या दारात. आता एक्स आज्ञेने स्टॅक पॉइंटरपासून पुढचे शंभर-सव्वाशे शब्द हेक्समध्ये छापा, प्रत्येक शब्द आठ बाइटचा. पहिला शब्द १, हा आर्गसी. मग एक पत्ता, प्रोग्रामचं नाव. मग शून्य. त्यानंतर पत्त्यांची लांबलचक रांग, हे एन्व्हायर्नमेंट. मग परत शून्य. त्याच्या पुढचा शब्द माझ्या लॅपटॉपवर हेक्समध्ये २१, म्हणजे ३३. हा पहिल्या जोडीचा प्रकार. तिथून दोन-दोन शब्द वाचत जा: हेक्स ६ च्या शेजारी हेक्स १०००, म्हणजे पेज ४०९६. हेक्स ११ च्या शेजारी हेक्स ६४, म्हणजे टाइम्स या कॉलचे सेकंदाला १०० टिक. आता इन्फो ऑक्सव्ही मारा आणि ताळा करा. दोन्ही जुळतात तेव्हा जर्नल लिहून जे समाधान कधीच मिळत नाही ते मिळतं.

एक बारकावा मला उशिरा कळला. जीडीबी हा तक्ता दाखवताना तुमच्या स्टॅकवर हिंडत नाही. चालू प्रोसेस असेल तर तो प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली असलेली ऑक्सव्ही फाइल वाचतो, आणि कोअर असेल तर कोअरमध्ये या माहितीची स्वतंत्र नोंद असते ती वाचतो. दोन्हींचा उगम कर्नलने स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतीत आहे. त्यामुळे तुमच्या प्रोग्रामने बफर ओव्हरफ्लो करून स्टॅकची पार वाट लावली असली तरी तक्त्यातले आकडे शाबूत राहतात. मात्र काही जोड्यांची किंमत म्हणजे नुसता पत्ता असतो. उदाहरणार्थ एटी_एक्झेकएफएन, म्हणजे कुठल्या नावाने प्रोग्राम सुरू केला तो मजकूर. पत्ता खरा, पण मजकूर स्टॅकवरच पडलेला असतो, तिथे कुणी लिहिलं तर बिघडू शकतो. तरी ही जोडी फार कामाची. आपण बिल्ड फोल्डरमधला नवा प्रोग्राम चालवतोय असं समजून जुन्याच फोल्डरमधला चालवत बसणं, हा पराक्रम आमच्या वर्गात किती जणांनी केलाय ते विचारू नका. जीडीबी तो मजकूरही तक्त्यात छापून देतो.

आता पत्त्यांच्या जोड्या. हल्ली बहुतेक लिनक्सवर कंपायलर असा प्रोग्राम बनवतो जो मेमरीत कुठेही बसू शकतो, आणि कर्नल सुरक्षिततेसाठी प्रत्येक वेळी जागा बदलतो. मग कोअरमधला एखादा पत्ता सोर्समधल्या कुठल्या ओळीचा हे कसं ठरवायचं? एटी_एन्ट्री सांगते की प्रोग्रामचं प्रवेशद्वार मेमरीत प्रत्यक्ष कुठे पडलं. फाइलच्या हेडरमध्ये तेच प्रवेशद्वार फाइलच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा करा, प्रोग्राम किती सरकलाय ते मिळालं. जीडीबी आतून हीच वजाबाकी करतो, म्हणून तुम्ही चालू प्रोसेसला अटॅच करता तेव्हा त्याला फंक्शनची नावं बरोबर लागतात. एटी_पीएचडीआर वापरूनही ताळा करता येतो. ६४ बिटी ईएलएफचं मुख्य हेडर ६४ बाइटचं असतं आणि प्रोग्राम हेडर सहसा त्याला लागूनच येतात, म्हणजे या पत्त्यातून हेक्स ४० वजा केले की प्रोग्रामची सुरुवात. इंटेलच्या ६४ बिटी मशीनवर जीडीबीतूनच प्रोग्राम सुरू केला तर मात्र दर वेळी पत्ते सारखेच येतात, हेक्समध्ये पाच-पाच-पाचची लांब रांग. घाबरू नका. जीडीबी स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामसाठी हे सरकवणं बंद ठेवतो.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. एटी_बेस हे नाव वाचून कुणालाही वाटेल की हीच प्रोग्रामची सुरुवात. ती नाही! ती डायनॅमिक लिंकरची सुरुवात. प्रोग्राम स्टॅटिक लिंक केलेला असेल तर लिंकरच नसतो आणि किंमत शून्य येते. मी एकदा अर्धी दुपार याच आकड्यावरून ऑफसेट काढत होतो आणि प्रत्येक उत्तर चुकत होतं.

पहिल्या जोडीत ३३ प्रकार दिसला, तो व्हीडीएसओचा पत्ता. कर्नल प्रत्येक प्रोसेसमध्ये एक चिमुकली लायब्ररी गुपचूप ठेवून देतो, तिच्यामुळे वेळ विचारण्यासारखी कामं सहसा कर्नलपर्यंत न जाता उरकतात. त्या पत्त्यावरचे चार बाइट अक्षरं म्हणून छापले तर १२७ आणि मग ई, एल, एफ असं येतं. म्हणजे डिस्कवर कुठेही नसलेली, पण अगदी खरी ईएलएफ फाइल.

आणि माझी सगळ्यात आवडती जोडी, एटी_रँडम. प्रकार २५, किंमत म्हणजे १६ यादृच्छिक बाइटचा पत्ता. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ पासून ती आली. स्टॅक ओव्हरफ्लो पकडण्यासाठी कंपायलर फंक्शनमध्ये जो कॅनरी ठेवतो, त्याचा आकडा जीलिब्सी इथूनच घेते. इंटेलच्या ६४ बिटी मशीनवर हे प्रत्यक्ष पडताळता येतं. मेनवर ब्रेकपॉइंट लावा, एटी_रँडमच्या पत्त्यावरचे पहिले आठ बाइट एक शब्द म्हणून छापा, मग एफएस-बेस रजिस्टरमध्ये हेक्स २८ मिळवून तिथला शब्द छापा. दोन्ही सारखे, फक्त दुसऱ्यात सगळ्यात खालचा बाइट शून्य. तो मुद्दाम शून्य केलेला असतो, म्हणजे स्ट्रिंग कॉपी करणारी फंक्शनं तिथे अडखळतात. सिक्युरिटीच्या लेक्चरला कॅनरीचं चित्र फळ्यावर पाहिलं होतं. ते बाइट असे हाताला लागल्यावर मी आणि पार्टनर रात्री दोन वाजता वेड्यासारखे हसलो. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली.

यूआयडी, जीआयडी वगैरेंच्या चार जोड्या आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. एटी_सिक्युअर तेवढी लक्षात ठेवा. सेटयूआयडी प्रोग्राम असेल तर ती १ असते, आणि मग लिंकर एलडी-लायब्ररी-पाथसारखी व्हेरिएबल्स ऐकत नाही. "माझा पाथ का घेत नाहीये" या तक्रारीचं उत्तर कधीकधी तिथे निघतं.

डीबगर हाताशी नसेल तर एलडी_शो_ऑक्सव्ही हे व्हेरिएबल १ करून कुठलाही डायनॅमिक प्रोग्राम चालवा, लिंकर स्वतःच सगळा तक्ता छापतो. सी प्रोग्रामच्या आतून एखादी किंमत हवी असेल तर गेटऑक्सव्हॅल हे फंक्शन आहे, जीलिब्सी २.१६ पासून, म्हणजे २०१२ पासून. आणि पेजचा आकार विचारायचा सभ्य मार्ग म्हणजे सिसकॉन्फ. तो तरी उत्तर कुठून देतो? लिंकरने सुरुवातीला याच शिदोरीतून उचलून ठेवलेला आकडा तो परत करतो.

आमची दुरुस्ती रविवारी सकाळी झाली. पेजचा आकार सिसकॉन्फने विचारायचा. हव्या त्या ब्लॉकचा ऑफसेट पेजच्या पटीत खाली आणायचा, जेवढं खाली आलो तेवढं जास्त मॅप करायचं आणि परत देताना तेवढं पुढे सरकून पॉइंटर द्यायचा. ब्लॉकची गिनती शून्यापासून, तेव्हा ५ क्रमांकाच्या ब्लॉकचा ऑफसेट २०४८०. तो १६३८४ वर आणला, फरक ४०९६, म्हणून ८१९२ बाइट मॅप केले आणि ४०९६ पुढचा पॉइंटर दिला. शिवाय उणे एकची तपासणी. एवढं करून मी खूश झालो, तर पार्टनर शांतपणे म्हणाला, "आणि अनमॅप करताना कुठला पत्ता देणार? पुढे सरकवलेला?" तोही पेजच्या पटीत लागतो. पुन्हा बसलो. मूळ पत्ता आणि लांबी आता एका स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवतो.

सोमवारी लॅब उघडल्या उघडल्या पाय ५ वर चालवला. सगळे ब्लॉक वाचले गेले. रिव्ह्यूला सरांनी बेअरिंगबद्दलच प्रश्न विचारले, पेजबद्दल एकही नाही. आता आमचा प्रोग्राम सुरू होताना लॉगमध्ये पहिली ओळ पेजच्या आकाराची छापतो. ती ओळ पार्टनरने टाकली आहे, आणि वरच्या कॉमेंटमध्ये माझं नाव, शनिवारची तारीख आणि "नल पॉइंटर आहे लेका" एवढंच लिहून ठेवलं आहे.